करकरणाऱ्या चपलांची जर्मन तक्रार

शाहूपुरी, कोल्हापूर
दि. ९ जानेवारी २००५

तीर्थस्वरूप मल्लिकार्जुन दाजींच्या चरणी शशिधरचे शरणार्थ. अक्कालाही सांगावे.

आपला गुडघा आता कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून सांगितलं असताना बाजाराच्या दिवशी आपण मिरचीच्या पोत्यावर चढून सौदा पुकारलात, पोतं घसरलं, आपण घसरलात, आणि खाली पडल्या पडल्यासुद्धा भाव मात्र घसरू दिला नाहीत, असं अक्कानं फोनवर सांगितलं. (तिला हसू येत होतं की खोकला, ते मला फोनवर कळलं नाही. जिच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला मिरचीचं गोदाम लागून आहे त्या बाईचा खोकला कुठलं औषध थांबवणार? तिला चार दिवस इकडे पाठवून द्या.) संकेश्वरात यंदा थंडी फार पडली असं ऐकतो. गुडघ्याला करडईचं तेल कोमट करून लावावं. माझे हे सल्ले आपण मानत नाही हे मला माहीत आहे, पण लहान मेहुण्यानं सल्ला द्यायचा आणि दाजींनी तो टाळायचा ही आपल्या घरची पद्धतच आहे.

आम्ही सगळे इकडे ठीक आहोत. म्हणजे आता ठीक आहोत. सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत नव्हतो. त्या चार महिन्यांत माझं एका जर्मन बाईशी भांडण चालू होतं. आपल्या कानावर कुणीतरी काहीतरी घातलं असेलच, कारण हिनं माहेरी सांगितलं आणि तिच्या माहेरी सांगितलेली गोष्ट आजऱ्यापर्यंत जायला दुपारसुद्धा लागत नाही. तिथे ती 'शशिधरवर जर्मनीत वॉरंट निघालंय' अशी पोचली होती म्हणे. म्हणून जे झालं ते सगळं सविस्तर लिहितो.

बँकेतून मुदतीआधी निवृत्ती घेतल्यावर मी लेकीच्या, भूमिकाच्या, मदतीनं इंटरनेटवर कोल्हापुरी चपला विकायला सुरुवात केली, हे आपल्याला ठाऊक आहे. ('बँकेतला माणूस पायताणं विकणार' असं आपण म्हणाला होता. मी ते मनावर घेतलेलं नाही. तारीख फक्त लक्षात आहे.) दुकान वगैरे काही नाही. पुढच्या खोलीत कॉम्प्युटर, मागच्या खोलीत चपला. परदेशातल्या एका मोठ्या बाजाराची वेबसाइट आहे, तिथे आम्हाला एक पान मिळालंय. भूमिका कॉलेज सांभाळून ते पान सांभाळते आणि चपला सुभाषनगरातला आमचा ज्ञानू करतो. साठीचा माणूस, बोटं पोलादाची, जीभही तशीच. त्याच्या हातची चप्पल पायात घातली की माणूस गल्लीच्या तोंडाशी असतानाच घरातल्यांना कळतं कोण आलं. कर्र, कर्र, कर्र. दोन तळांच्या मधे तो काहीतरी घालतो. काय घालतो ते त्यानं मला आजपर्यंत सांगितलेलं नाही. त्याच्या बापानं त्याला लग्न झाल्यावर सांगितलं आणि तो आपल्या मुलाला, मुलगा रिक्षा विकून या धंद्यात आला तर, सांगणार आहे.

तर मागच्या जूनमध्ये जर्मनीतल्या एका गावातून हिल्डेगार्ड नावाच्या बाईंची ऑर्डर आली. टाचेचा काही जुना आजार होता, म्हणून मापाच्या आकड्यावर विश्वास न ठेवता त्यांनी स्वतःचं पाऊल कागदावर ठेवून, पेन्सिलीनं गिरवून, तो कागद पोस्टानं पाठवला. ज्ञानूनं तो कागद हातात धरला आणि बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "डाव्या पायावर भार देती बाई. उजवी टाच दुखती हिची." मी चकित झालो, कारण कागदावर तसं काही लिहिलेलं नव्हतं. त्या जोडावर तो नऊ दिवस बसला. उजव्या टाचेखाली चामड्याची एक जादा पट्टी घातली, पट्ट्यावरची वेणी तिप्पट बारीक केली. आणि आवाज! नेहमीपेक्षा दुप्पट. मी म्हटलं, ज्ञानू, जरा जास्त होतंय. तर म्हणतो, "परदेसात जानार म्हंता सायेब, आन् मुकी धाडू व्हय?"

जोड गेला. सहा आठवड्यांनी तक्रार आली. त्यातली वाक्यं मला अजून पाठ आहेत: आपण पाठवलेली पादत्राणे सदोष आहेत. चालताना त्यांतून मोठा आवाज येतो. मी ग्रंथालयात नोकरी करते. पैसे परत करावेत.

दाजी, आपल्याला कुणी सांगितलं की तुमची संकेश्वरी मिरची सदोष आहे, कारण ती तिखट लागते, तर आपण काय कराल? (काय कराल ते इथे लिहीत नाही, पत्र भूमिकाही वाचणार आहे.) मी निदान उत्तर तरी सभ्य लिहिलं. सत्तावीस वर्षं बँकेत पत्रं लिहिली असल्यामुळे माझी सुरुवात आपोआप होते, त्यामुळे 'आपला आवाज मिळाला, त्याची नोंद घेण्यात आली आहे' असं काहीतरी तिला गेलं. पुढे मी दीड पान लिहून आवाज हा दोष नसून गुण आहे, हे सिद्ध केलं. तिचं उत्तर आलं की आपण माझी थट्टा करत आहात. तिचं इंग्रजी जर्मनमधून आलेलं, माझं बँकेतून. दोघांच्या मधे जी भाषा तयार झाली ती खुद्द इंग्रजांना कळली असती असं वाटत नाही. पंधरा दिवसांत अकरा पत्रं झाली आणि अकराव्यात तिनं लिहिलं की मी माझ्या गावच्या ग्राहक कोर्टात जाते.

मी म्हटलं, जा. म्हटलं खरं, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही. समोरच्या वकिलांकडे गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, चहा संपवला आणि म्हणाले, "शशिधरराव, तिच्या कोर्टात केस झाली तर तुम्ही जर्मनीला जायचं. इथल्या कोर्टात झाली तर तिनं कोल्हापूरला यायचं. कुठंही झाली तरी चपला झिजणार, आणि त्या तर वादातल्याच आहेत." यावर ते स्वतःच इतके हसले की मला सल्ला मिळाला की नाही हे कळलं नाही.

मार्ग काढला भूमिकानं. ज्या बाजाराच्या वेबसाइटवर आमचं पान आहे तिथेच तक्रारींसाठी एक वेगळी सोय आहे. गिऱ्हाईक आणि विक्रेता दोघांनी कबूल केलं तर एक तिऱ्हाईत पंच नेमतात. तिघांनी आपापल्या घरी बसून, आपापल्या सवडीनं कॉम्प्युटरवर लिहायचं. दोघांनी लिहिलेलं पंच वाचणार, प्रश्न विचारणार, पण निकाल देणार नाही. दोघांना पटेल अशा एका कागदावर दोघांना आणायचं, एवढंच त्याचं काम. नाहीच पटलं तर कोर्टाचा रस्ता मोकळा. मला हे आधी आवडलं नाही. ज्याला निकाल द्यायचा अधिकार नाही तो कसला पंच? पण हिल्डेगार्डबाई 'हो' म्हणाल्या असं कळल्यावर मी 'नाही' म्हणणं म्हणजे घाबरल्यासारखं दिसलं असतं. मीही 'हो' म्हटलं.

पंच म्हणून आल्या मिसेस डॉयल, कॅनडातल्या एक निवृत्त शिक्षिका. आयुष्यभर शाळेत मुलांची भांडणं सोडवली होती, हे त्यांनी पहिल्याच पत्रात लिहिलं आणि त्यानंतर दोन महिने आम्हाला तसंच वागवलं. पहिला नियम: एकमेकांना विशेषणं लावायची नाहीत. दुसरा: उत्तर तीन दिवसांत. मग एक फॉर्म. त्यात दोनच प्रश्न. काय झालं? आणि तुम्हाला काय हवं आहे? पहिल्याचं उत्तर मी चार पानं दिलं. दुसऱ्यापुढे एकच शब्द लिहिला: न्याय. दोन दिवसांनी फॉर्म परत. मिसेस डॉयलनी लिहिलं होतं की आपली भावना समजली, परंतु कृपया पोस्टानं पाठवता येईल असं काहीतरी मागावं.

मी सकाळी सहाला उठून, फोन मोकळा असताना, त्या कोऱ्या चौकटीसमोर बसायचो. (इंटरनेट लावलं की घरचा फोन बंद पडतो. ही म्हणायची, जर्मनीशी जोडले गेलात आणि गल्लीतून तुटलात.) मला नक्की काय हवं होतं? पैसे मागावे, तर ते तिनं आधीच दिले होते. शेवटी ज्ञानूला बोलावून विचारलं. त्याला मात्र क्षणाचाही विचार करावा लागला नाही. "तो खोडीचा सबुद माघारी घ्या म्हनावं. पैसं घेऊ दे, चपल घेऊ दे, पर माझ्या हाताला खोड न्हाय." मी तेच लिहिलं: 'सदोष' हा शब्द मागे घ्यावा. शब्द पोस्टानं पाठवता येतो. मिसेस डॉयलनी मान्य केलं.

मग त्यांनी आवाज ऐकायला मागितला. भूमिकानं कॉम्प्युटरला माइक लावला, तसाच दुसरा जोड ज्ञानूच्या पायात, आणि तो आमच्या बोळात येरझाऱ्या घालू लागला. पहिल्या वेळी वरच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी आली. दुसऱ्या वेळी शेजारच्या झुंबरबाईंनी खिडकीतून विचारलं, "ज्ञानू, कोन पावणं आलं रं?" आणि ज्ञानूनं चालता चालता त्यांना सगळी हकीकत सांगितली. तिसऱ्या वेळचं रेकॉर्डिंग नीट झालं. मिसेस डॉयलचं उत्तर आलं की आवाज ऐकला, तो चांगलाच मोठा आहे. (मी ज्ञानूला सांगितलं. तो खूश झाला.) पुढे एकच ओळ होती. हा आवाज येणार हे विकत घेणाऱ्या व्यक्तीला आधी सांगितलं होतं का?

मी आमचं वेबसाइटचं पान उघडलं. चामडं कुठलं, ते लिहिलं होतं. शिलाई कशी, पाण्यापासून कसं जपावं, तेल केव्हा लावावं, सगळं लिहिलं होतं. आवाजाबद्दल एक अक्षर नव्हतं. दाजी, आपल्याला ते सांगायचं कधी सुचलंच नसतं. दिवा उजेड देतो असं कोण लिहितं? मी तसंच उत्तर लिहायला घेतलं. तेव्हा ज्ञानू तिथेच उंबऱ्यापाशी बसला होता. भूमिकानं त्याला प्रश्न मराठीत सांगितला. तो म्हणाला, "मग चूक तुमची हाय की, सायेब."

मला फार राग आला. ज्याच्या इज्जतीसाठी मी इतके दिवस पहाटे उठतोय तोच समोरच्या पक्षाला जाऊन मिळाला. त्यानंतर चार दिवस मी कॉम्प्युटरला हात लावला नाही. तीन दिवसांची मुदत उलटली. मिसेस डॉयलनी आठवण पाठवली. पाचव्या दिवशी सकाळी मी स्वतः, भूमिकाला न उठवता, एक एक अक्षर शोधून टाइप केलं. चूक कारागिराची नाही. चप्पल जशी व्हायला हवी तशीच झाली आहे. चूक माझी आहे, मी सांगितलं नाही. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मी बँकेच्या वतीनं हजारो वेळा दिलगिरी व्यक्त केली, पण स्वतःच्या वतीनं एकदाही केली नव्हती, हे पाठवायचं बटण दाबताना लक्षात आलं.

दुसऱ्याच दिवशी हिल्डेगार्डबाईंचं लांबलचक पत्र आलं. पहिल्यांदाच त्यांनी नीट सगळं सांगितलं होतं. चपला घालून त्या पहिल्या दिवशी कामावर गेल्या. वाचनाच्या दालनात पन्नास माणसं. त्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पुस्तक ठेवायला निघाल्या आणि पन्नास डोकी वर झाली. परत येताना पुन्हा पन्नास डोकी. वरिष्ठांनी चिठ्ठी पाठवली. त्या गावात तेवीस वर्षं त्या ओळखल्या जातात ते अजिबात आवाज न करता चालणारी बाई म्हणून. त्यांना ते फार लागलं. पण खरी गोष्ट पुढे होती. त्यांनी लिहिलं होतं, की या चपलांत माझी टाच सात वर्षांत पहिल्यांदा दुखली नाही. मला पैसे नको आहेत. तक्रारीच्या फॉर्ममध्ये दुसरा पर्याय नव्हता म्हणून मी तो निवडला. मला अशाच चपला हव्या आहेत, फक्त गप्प बसणाऱ्या.

आता गाडी ज्ञानूपाशी अडली. आधी तो "मुकी मी करत न्हाय" म्हणून उठून गेला. (तत्त्वाचा माणूस. मला पुन्हा चार दिवस जेवण गेलं नाही.) मग भूमिका स्वतः सुभाषनगरात गेली आणि टाचेचं ते वाक्य तिनं त्याला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्यानं तळ कापायला घेतले. वाटतं तेवढं सोपं नव्हतं. चाळीस वर्षं हाताला एकच सवय. आतलं 'काहीतरी' वगळलं तरी पहिला जोड बारीक कण्हत होता. दुसरा फक्त वळताना बोलायचा. ज्ञानू इरेला पेटला. तिसऱ्या जोडाला त्यानं तळाचं चामडं आठ दिवस नुसतं कुटलं, आणि मग प्रश्न आला की परीक्षा घ्यायची कुठे? आमच्या बोळात कुकर. शेवटी पेठेतल्या सार्वजनिक वाचनालयात गेलो. ग्रंथपालांना विनंती केली. ते म्हणाले, बेळगावच्या वादावर मोर्चे येऊन गेलेत इथं, चपलांचा पहिलाच. ज्ञानू पन्हाळ्याची तटबंदी चढावी तसा गंभीर चेहरा करून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला. बारा माणसं वर्तमानपत्रं वाचत होती. एकानंही डोकं वर केलं नाही. परत येताना एका आजोबांनी केलं, पण ते झोपेतून जागे झाले म्हणून. बाहेर आल्यावर ज्ञानूनं पायातला जोड काढून हातात घेतला, उलटा केला, बघितला. म्हणाला, "जमलं. पर मन लागत न्हाय ह्यात." डोळे मात्र हसत होते.

डिसेंबरात मिसेस डॉयलनी सहा ओळींचा कागद केला. विक्रेत्यानं आवाजाची सूचना पानावर लिहावी. मुका जोड बाईंना पाठवावा. बोलका जोड बाईंनीच ठेवावा (त्या तो सुट्टीच्या दिवशी जंगलात फिरायला घालतात, तिथे कुणी वाचत नाही). जाण्याचा टपालखर्च आमचा. 'सदोष' हा शब्द बाई मागे घेत आहेत. सहावी ओळ अशी की दोन्ही पक्षांना हे मान्य आहे. मी मान्य केलं, त्यांनी मान्य केलं, संपलं. काळा कोट नाही, तारीख नाही, पट्टेवाल्याचा पुकारा नाही. ज्ञानूनं तो कागद छापून मागितला. भूमिकानं पाचव्या ओळीखाली मराठीत अर्थ लिहून दिला, तो त्यानं बायकोला, धोंडुबाईला, वाचून दाखवला म्हणे.

तर असं झालं. वॉरंट वगैरे काही नव्हतं, हे आजऱ्याला कळवावं. शेजाऱ्याच्या गटारावरून तुम्ही जो दावा लावलाय त्याबद्दल मी काही बोलत नाही. लहान मेहुण्यानं बोलू नये. गुडघ्याला जपावं. अक्काला माझा नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
शशिधर

ता. क. एक सांगायचं राहिलं. हिल्डेगार्डबाई पुढच्या महिन्यात भारतात येत आहेत आणि दोन दिवस कोल्हापुरात राहणार आहेत. चपला करणाऱ्या उस्तादांना भेटायची त्यांची फार इच्छा आहे.

ता. क. २. आता स्पष्टच लिहितो. सुरुवातीला पान तयार करताना वेबसाइटवाल्यांनी उस्तादाचा फोटो मागितला होता. त्या वेळी घरात आपला, अक्काच्या साठीचा, फेटा बांधलेला फोटो हाताशी होता. एवढ्या भारदस्त मिशा आपल्या नात्यात दुसऱ्या कुणाला नाहीत. खाली 'चौथ्या पिढीचे उस्ताद' असं लिहिलं आहे. गेली तीन वर्षं आपण तिथे आहात. (गिऱ्हाइकांना आपण फार आवडता.) तरी बाई येतील त्या दिवशी, १८ फेब्रुवारीला, आपण फक्त दोन तास इकडे यावं, फेटा बांधून बसावं, आणि कमी बोलावं. चामडं हातात धरायला ज्ञानू शिकवील. गाडी मी पाठवतो. आपण नाही म्हणणार नाही, अशी खात्री आहे.

ता. क. ३. मामा, मी भूमिका. पत्र पेटीत टाकायला बाबांनी माझ्याकडे दिलं म्हणून खाली लिहिते, त्यांना सांगू नका. तुमचा फोटो मी सोमवारीच काढून टाकलाय. हिल्डेगार्डबाईंनाही खरं काय ते लिहिलंय. त्या रागावल्या नाहीत, बरं झालं सांगितलंस म्हणाल्या. तिथे आता ज्ञानूकाकांचा फोटो आहे. ते म्हणत होते, तोंड कशाला, हातांचा काढ. मी दोन्हीचे काढले. बाबा एरवी पान उघडून बघत नाहीत, त्यामुळे त्यांना अजून कळलेलं नाही. कळेल तेव्हा तुमची मदत लागेल, म्हणून तुम्ही १८ तारखेला नक्की या, फेटा नाही बांधलात तरी चालेल. फोटोखाली नाव घालायला गेले तेव्हा लक्षात आलं की आपल्या घरात कुणालाच त्यांचं आडनाव माहीत नाही. बाबांनाही नाही. मग सुभाषनगरात जाऊन विचारून आले. ज्ञानू भाऊ सातपुते.